दहा दिवसांची चूल

बयाबाईने दंडावरचा पट्टा स्वतःच ओढून काढला आणि टेबलावरचा छापील कागद बोटाने डॉक्टरकडे परत सरकवला.

“पोरगं लामावर तुमीच न्यायचं, आन् काळजी करू नगा म्हनून कागद बी तुमीच द्यायचा. ही कुठली रीत?”

रांगेतल्या बायका पदराआड हसल्या. डॉक्टर तरुण होता. त्याने नर्सबाईकडे पाहिलं, मग कागदाकडे.

“मावशी, मी कुणाला नेलं नाही. हे वरून छापून येतं.”

“वरनं म्हंजी कुठनं?”

“वरून म्हणजे वरून.”

“तितं मानूस असंलच की कोन तरी. तेला घरदार असंल.”

डॉक्टरने पट्टा गुंडाळायला घेतला. त्यालाही वरूनच पाठवलेलं होतं. दर दुसऱ्या गुरुवारी कोळशावर चालणारी ती धुरकट मोटार तालुक्याहून वाडीत यायची, चावडीपुढच्या पिंपर्णीच्या झाडाखाली टेबल मांडलं जायचं, आणि खरूज, हिवताप, डोळे, जखमा असं सगळं एका रांगेत बसायचं. भादव्यात बयाबाई उसाच्या बांधावर चक्कर येऊन पडली, म्हणून तिच्या सुनेने तिला हाताला धरून या रांगेत आणलं होतं. पट्ट्यात हवा भरली तसा काचेच्या नळीतला पारा चढत गेला, दोनशे दहाला ठेचकाळला. डॉक्टरने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग म्हणाला, रक्ताचा दाब आहे, फार आहे, शीर फुटली तर जागच्या जागी माणूस जातं.

औषध म्हणाल तर झोपेच्या चार पांढऱ्या पुड्या. या दुखण्यावर त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं, आणि नाही हे सांगायची सोयही नव्हती. म्हणून तो कागद. मीठ बंद, कष्ट बंद, काळजी बंद. आणि खाली बारीक अक्षरात, रोग्याच्या मनास धक्का बसेल अशी वार्ता घरच्यांनी त्यास सांगू नये. त्याखाली गोल शिक्का.

नर्सबाई वयाने बयाबाईच्याच बरोबरीची होती, मिरजेकडची. तिने कागदाची घडी करून बयाबाईच्या हातात ठेवली आणि ठोके मोजायला मनगट धरलं. मनगटावर आडवा पांढरा वण होता. नर्सबाईचा अंगठा त्यावरून फिरला.

“हे कशानं झालं?”

“बांगडीनं,” बयाबाई म्हणाली. “अठरा वर्सं झाली. मालक गेलं तवा भावकीतल्या बायकांनी दगडानं फोडल्या. मी हात वडला, काच घुसली.”

नर्सबाईने ठोके पुन्हा पहिल्यापासून मोजले.

*

घरात माणसं तीनच. बयाबाई, सून विजयमाला आणि दीर आप्पासो. आप्पासो पहिल्या लामातला, म्हणजे पहिल्या महायुद्धातला, पेन्शनर हवालदार. बायको मागेच गेलेली, मूलबाळ नाही. पुतण्या, म्हणजे बयाबाईचा मुलगा जोतीराम, पलटणीत भरती झाला तो यांच्याच बोटाला धरून. शिक्का असलेला कागद म्हणजे हुकूम, आणि हुकमाला प्रश्न विचारायचा नसतो, एवढं एक शिक्षण आप्पासोंनी पलटणीतून आणलं होतं आणि ते त्यांना जन्मभर पुरलं.

त्यांनी छापील कागद चष्मा लावून तीनदा वाचला. मग घडी घालून खुंटीवरच्या कोटाच्या खिशात ठेवला.

त्या दिवशी विजयमालेने आमटीत मीठ टाकलं नाही. सासूसाठी वेगळं कशाला, सगळ्यांनीच खाऊ, असा तिचा साधा हिशेब. वीस वर्षांची पोर, खंडाळ्याकडची, लग्नाला दीड वर्ष झालेलं आणि त्यातलं एक वर्ष नवरा इटलीत. आप्पासोंनी पहिला घास घेतला आणि तो गिळायच्या आत हात ताटात टेकला.

“सूनबाई, घरात कोन मेलंय?”

विजयमालेचा हात तव्यावरच थांबला.

“आत्यांचा कागुद…”

“कागुद ठावं हाय मला. अळणी कवा खात्यात ठावं हाय का तुला? मढं उचलल्यावर. दहा दिस. तेच्या आदी न्हाई आन् तेच्या मागनं न्हाई. पोरगं लामावर असताना या घरात सुतकाचं शिजवायचं न्हाई.”

हे त्यांचंच म्हणणं नव्हतं. उभ्या वाडीची ती रीत. कुणाच्या घरी माणूस गेलं की दहा दिवस चुलीवर मिठाचा खडा जात नाही, देवापुढे दिवा लागत नाही, शेजारीण त्या घरातून विस्तव नेत नाही. ज्याने तो कागद छापला त्याने दवाखाने पाहिले असतील, काचेच्या नळ्या पाहिल्या असतील. चूल पाहिली नव्हती.

बयाबाईलाही दिराचं पटलं. तिने स्वतःच्या ताटातली आमटी खरकट्यात ओतली.

“पन कागदाचं बी ऐकाय पायजे,” आप्पासो म्हणाले. “हुकूम हाय. वैनी, तुमी असं करा, गोठ्याच्या पडवीत तीन दगडं मांडा. तुमचं तुमी शिजवा. या चुलीचा संबंध नगं.”

अशी चूल वेगळी झाली. भावाभावांत वाटणी होते तेव्हा भांडण तरी होतं, चार लोक गोळा होतात. इथं कुणी आवाजसुद्धा चढवला नाही.

*

अळणी खाण्याची सवय होते. जिभेला पंधरा दिवस लागतात. एकट्याने खाण्याची सवय मात्र बयाबाईला झाली नाही.

पडवीत एका अंगाला म्हैस, एका अंगाला वैरण, मधे तीन दगड. ती आपलं हुलग्याचं माडगं रटरटवायची, भाकरी थापायची आणि पलीकडच्या भिंतीतून येणारे आवाज ऐकत खायची. तिकडे परातीत पीठ मळल्याचा आवाज. आप्पासोंचं खाकरणं. कालवण कसं झालंय ते कुणी तरी कुणाला तरी विचारायचं. बयाबाईला विचारायला कुणी नव्हतं, आणि विचारलं असतं तरी सांगण्यासारखं काय होतं. शेजारची धोंडुबाई पूर्वी वाटीभर कालवण घेऊन यायची, वाटीभर घेऊन जायची. आता ती पडवीच्या दारातूनच बोलायची.

“तुझं काय न्यायचं बाई, अन् तुला काय द्यायचं. माझ्यात मीठ, तुझ्यात न्हाई.”

“जिभेला हाड न्हाई तुझ्या.”

“हाड न्हाई, चव हाय,” असं म्हणून धोंडुबाई हसत निघून जायची.

दसरा असा गेला. दिवाळीत करंज्या झाल्या, त्या दोन्ही चुलींना चालणाऱ्या, तेवढे तीन दिवस विजयमाला ताट घेऊन पडवीत येऊन बसली. दिवाळी सरली.

बयाबाई गुरुवारची वाट पाहू लागली. मोटारीचा घरघराट लांबून आला की ती लुगडं नीट करून पिंपर्णीखाली जाऊन बसे. नर्सबाई दंडाला पट्टा बांधायची, मग मनगट धरून तोंडातल्या तोंडात मोजायची. मिनिटभराचंच काम. त्या मिनिटात बयाबाई काही बोलायची नाही, हलायची नाही. रांडावलेल्या बाईचा हात कोण हातात घेतो? सणाला, हळदीकुंकवाला, बारशाला नाहीच नाही. अठरा वर्षांत तिचा हात असा मिनिटभर कुणी धरून ठेवला नव्हता.

पारा उतरत होता. दोनशे. एकशे नव्वद. पौषात एकशे ऐंशी.

“कागदाप्रमाणं वागता तुम्ही,” डॉक्टर खुशीने म्हणाला. “अशीच माणसं हवीत आम्हाला.”

“काळजीचं तेवढं जमंना,” बयाबाई म्हणाली. “तेवढं वर कळवा.”

जोतीरामचं पत्र दोन महिन्यांतून एकदा यायचं. शाळामास्तर पडवीत बसून वाचून दाखवायचे. पौषातल्या पत्रात त्याने लिहिलं होतं, आईने मीठ सोडल्याचे समजले. इकडे डब्यातले मांस मिळते ते खारट, बिस्किटे खारट, समुद्राचे वारेसुद्धा खारट. आईच्या वाटचे मीठ मी इकडे खात आहे, तरी त्याची फिकीर नसावी.

बयाबाईने मास्तरांना ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग दोन दिवस म्हशीला, वैरणीला, दाराशी येणाऱ्या कुत्र्याला सांगत सुटली, माजं मीठ तो खातोय, बरं का.

*

फाल्गुन लागला होता. मंगळवारचा दिवस. बयाबाई दगडांमधली राख उकरत होती तेव्हा विजयमाला पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले. कपाळावर कुंकू नेहमीपेक्षा मोठं, आणि एका बाजूला कललेलं.

“आत्या, ते दगड राहू द्या. आजपास्नं एकच चूल.”

“आन् भावजी?”

“आप्पांनीच सांगितलंय. समद्यांनीच अळणी खायचं. तुमी एकट्या बसता ते बरं दिसत न्हाई म्हनालं.”

“डोळं कशानं गं सुजलं?”

“वल्लं लाकूड. धूर लय झाला.”

बयाबाई उठली. सहा महिन्यांनी ती आतल्या चुलीपुढे बसली. पाट तोच होता, त्याचा एक पाय डुगडुगायचा तोही तसाच. विजयमालेने आमटी वाढली. बयाबाईने बोट बुडवून चाखली. अळणी. मग तिने आप्पासोंच्या ताटात पाहिलं, सुनेच्या ताटात पाहिलं. सगळीकडे तीच.

“भावजी, तुमाला गिळंल का हे?”

“गिळंल,” आप्पासो म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

त्या दिवशी बयाबाई दीड भाकरी जेवली. म्हशीचं सांगितलं, धोंडुबाईच्या जिभेचं सांगितलं, जोतीराम लहानपणी मिठाच्या गाडग्यात हात घालून कसा खडे चोखायचा ते सांगितलं. ऐकणारे दोघं ऐकत होते. आपणच बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं नाही. सहा महिन्यांचं साठलेलं होतं.

दुसऱ्या दिवशीही तिने बोलून घेतलं. संध्याकाळी मात्र तिचं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. दिवा नव्हता.

“विजा, दिवा?”

“त्याल न्हाई आत्या. दुकानात आलं न्हाई.”

युद्धाचे दिवस, तेल मिळत नव्हतं ते खरं. पण कोनाड्यात तेलाची बाटली उभी होती आणि तिच्यात चार बोटं तेल होतं.

तिसऱ्या दिवशी आप्पासो जेवायला बसले ते पटक्यासकट. जेवताना पटका काढून मांडीवर ठेवायचा ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. गेले दोन दिवसही ते असेच बसले होते, बयाबाईने पाहिलं होतं आणि पाहिलं नव्हतं. पाणी प्यायला त्यांनी मान मागे टाकली, पटका वर सरकला, आणि कानामागची कातडी दिसली. ताजी भादरलेली. केसाचं टोकसुद्धा नाही.

बयाबाईच्या हातात घास होता. तिने तो तोंडात घातला. चावला. गिळला.

“झालं का वो आत्या?” विजयमालेने विचारलं. “वाढू?”

“वाढ थोडी.”

तिने मुकाट जेवण पुरं केलं, ताटात हात धुतला, आणि उठून पडवीत गेली. म्हशीच्या गळ्याला हात घालून उभी राहिली. म्हैस रवंथ करत होती, ती थांबली नाही. बयाबाईच्या तोंडून आवाज आला नाही. आवाज आला असता तर पलीकडच्या भिंतीला ऐकू गेला असता, आणि ऐकू गेला असता तर पुढचं सगळं त्याच घटकेला घडलं असतं. भावकीतल्या बायका, दगड, पाण्याचा तांब्या.

आपल्याला ठाऊक नाही तोवर विजा सवाष्ण आहे. एवढं तिला लख्ख समजलं. आपल्या रक्ताच्या दाबापायी पोर रोज सकाळी कुंकू लावते आहे, आणि लावताना आरशात बघत नाही म्हणून ते कलतं. तिला मोकळेपणी रडताही आलेलं नाही. आणि आपल्यालाही येणार नाही. आपण रडलो की तिचं कुंकू गेलं.

म्हशीच्या आंबोणात, भिजवलेल्या खाद्यात, टाकायच्या मिठाचं गाडगं पडवीतल्या फळीवर असायचं. बयाबाईने त्यातला एक खडा काढला, मुठीत धरला. मूठ ओली होईपर्यंत धरला. मग परत गाडग्यात टाकून वर झाकण ठेवलं.

पुढचे सहा दिवस त्या घरात तिघं जण एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत एका चुलीवरचं जेवले. बयाबाई आता गप्पा जास्तच मारायची. एक दिवस तर ती जोतीरामच्या सुट्टीचं बोलली, आला की त्याला पाचगणी बघायला धाडू या दोघांना, साहेबलोक जातात म्हणे. विजयमाला उठून पाण्याला गेली. भरलेली घागर घेऊन पाण्याला गेली.

*

बुधवारी संध्याकाळी बयाबाई पडवीत शेण गोळा करत होती. भिंतीपलीकडच्या बोळात दोन आवाज होते. एक आप्पासोंचा, दबलेला. दुसरा धोंडुबाईचा, तिला दबून बोलता यायचंच नाही.

“उद्या दहावा. कावळा शिवला की झालं. म्होरं किती दिस झाकून ठिवायचं भावजी?”

“महिना. डाक्टरनं महिना सांगितलाय. तार घिऊन मी तालुक्याला गेलो, तेनंच इंग्रजी वाचून दावली. म्हनला, म्हातारीच्या कानावर गेलं तर एका घरात दोन मढी व्हतील. कागदावर बी तेच हाय.”

“तुमचा कागुद तुमच्या खिशात. भावकी बोलती ते आमी ऐकतोय. रांडावलेली बाई हळदीकुंकू लावून पान्याला जाती, आमच्या लेकीसुना तिच्या पुढनं जात्यात. मी काय दुश्मन हाय का पोरीची? पन रीत हाय. उद्या दुपारच्याला आमी चौघी येतो. बयाबाईला त्या टायमाला कुठंतरी धाडा, मळ्यात म्हना, देवळात म्हना. तिला कळो न कळो. कपाळ झाकून घिऊन फिरंल पोर.”

आप्पासो खाकरले. मग म्हणाले, “भावकीपुढं माजं काय चालतंय.”

बयाबाईने शेणाची पाटी खाली ठेवली. उजव्या हाताने डाव्या मनगटावरचा वण धरला, जसं नर्सबाई धरायची तसं, आणि मोजत बसली. तिला मोजता येत नव्हतं विसाच्या पुढे. वीस झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करायची.

*

गुरुवारी पहाटेच आप्पासो नदीकडे गेले. हातात फडक्याने झाकलेलं पातेलं. बयाबाईने ते पाहिलं आणि म्हशीची धार काढत राहिली. ऊन वर आलं, मोटारीचा घरघराट आला.

“विजा, चल माज्यासंगं.”

“मी कशाला आत्या?”

“मला चक्कर येती. हाताला धर.”

पिंपर्णीखाली रांग लहान होती. डॉक्टरने बयाबाईला पाहिलं, मग तिच्या हाताला धरून उभ्या असलेल्या सुनेला पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं, आणि दौतीचं झाकण उगाच लावलं, उगाच उघडलं. नर्सबाईने पट्टा बांधला. पारा चढला, उतरला.

“एकशे शहात्तर,” नर्सबाई म्हणाली. “कमी झालाय, मावशी. आजवरचा सगळ्यांत कमी.”

“छान,” डॉक्टर म्हणाला. “पाहिलंत ना, कागद पाळला की…”

“आता हिचा बगा.”

“हिला काय होतंय?”

“तुमी बगा तर.”

विजयमाला मागे सरली. बयाबाईने तिला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, तिच्या चोळीची बाही स्वतःच्या हाताने वर केली. बांगड्या किणकिणल्या. हिरव्या, डझनभर, लग्नातल्याच. नर्सबाईने पट्टा गुंडाळला, हवा भरली. नळीतला पारा चढत गेला. ती कानाला नळ्या लावून ऐकत राहिली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“दीडशेच्या वर आहे.”

“वय किती तुझं?” डॉक्टरने सुनेला विचारलं.

“वीस,” बयाबाई म्हणाली. “या वयाला किती पायजे?”

“इतका नको. सव्वाशेच्या आत हवा. कसली भीती, धसका… म्हणजे तसं काही…” तो मधेच थांबला.

“मग हिला बी कागुद द्या.”

डॉक्टरने गठ्ठ्यातला एक छापील कागद काढून दिला. बयाबाईने तो हातात घेतला नाही. टेबलावरच उलटा केला, कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

“हितं लिवा. या पोरीच्या बांगड्या फोडायच्या न्हाईत. कुंकू पुसायचं न्हाई. लिवा आन् शिक्का मारा.”

विजयमालेचा श्वास आत ओढल्याचा आवाज झाला. तिने सासूकडे पाहिलं. बयाबाईने तिच्याकडे पाहिलं नाही, फक्त तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.

“मावशी,” नर्सबाई हळू म्हणाली, “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुनी न्हाई सांगितलं. लय हुकूम पाळला समद्यांनी. आमटीनं सांगितलं.”

डॉक्टर उभा राहिला. “हे पाहा, हे दवाखान्याचं काम नाही. तुमच्या चालीरीतींत आम्हाला हात घालता येत नाही.”

“माज्या ताटात हात घातलात तवा ही रीत न्हवती व्हय? सहा म्हयनं मी ढोरात बसून जेवले, ते तुमच्या कागदानं. माजं लेकरू गेल्याचं मला दहा दिस ठावं हाय का न्हाई हे बी तुमच्या कागदानंच ठरीवलं. दिरानं डोकं भादरलं, पोरीनं रडनं गिळलं, ते कागदानं.” तिचा आवाज चढला नव्हता. रांगेतल्या बायका तरीही पुढे सरकून ऐकत होत्या. “माजा दीर हवालदार हाय. भावकीपुढं तेची जीभ उचलत न्हाई, पन शिक्क्याच्या कागदाला तो सलाम ठोकतो. दुपारच्याला चौघी जनी दगूड घिऊन येनार हाईत. तेला दारात उभं ऱ्हायला कागुद पायजे.”

“असं लिहायचा मला अधिकार नाही. वरून…”

“मग वर इचारा. पोरगं न्यायचा अधिकार हुता, मीठ बंद करायचा हुता, खरं बोलनं बंद करायचा हुता. एक दगूड बंद करायचा कुनाला हाय, ते इचारा. न्हाई तर तुमी लिवा.”

विजयमालेच्या दंडाला पट्टा तसाच होता. नर्सबाईने हवा सोडली नव्हती. तिने टेबलावरचा टाक उचलला, दौतीत बुडवला आणि डॉक्टरपुढे धरला. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमत होता.

बयाबाई स्टुलाशेजारी जमिनीवर बसली, मांडी घालून, जेवायला बसल्यासारखी.

“मी हितनं हलत न्हाई. दुपार व्हायला अजून घटका हाय. लिवताय का न्हाई, तेवढं सांगा.”